रस्त्यावरील मृत्यू कशाने घटतात?

अपघाताचे कारण आणि मृत्यूचे कारण नेहमी एकच नसते; उपाययोजना ठरविताना हा फरक निर्णायक ठरतो

नागपूर, खास प्रतिनिधी

नागपूरहून पुण्याकडे निघालेली एक खासगी ट्रॅव्हल्स बस १ जुलै २०२३ च्या पहाटे बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजानजीक समृद्धी महामार्गावर उलटली आणि पेटली. २५ प्रवाशांचा होरपळून मृत्यू झाला. टायर फुटला, की चालकाला डुलकी लागली, या प्रश्नावर त्यानंतर बरीच चर्चा झाली. मात्र त्या चर्चेत दुसरा एक प्रश्न मागे पडला. बस उलटली हे खरे. पण उलटलेल्या बसमधील २५ जण बाहेर का पडू शकले नाहीत? बस दरवाजाच्या बाजूवर आडवी झाली होती, इंधनाने पेट घेतला होता आणि जे मोजके प्रवासी वाचले ते काचा फोडून बाहेर आले होते.

पहिला प्रश्न अपघाताच्या कारणाचा आहे, दुसरा मृत्यूच्या कारणाचा. आपल्याकडे पोलीस दप्तरात, बातम्यांत आणि श्रद्धांजलीच्या भाषणांत पहिल्याच प्रश्नाचे उत्तर शोधले जाते आणि ते बहुधा ‘चालकाची चूक’ या दोन शब्दांत मिळते. ज्या देशांनी रस्त्यावरील मृत्यू खरोखर कमी करून दाखविले, त्यांनी प्रामुख्याने दुसऱ्या प्रश्नाचा पाठपुरावा केला. नेमके काय केले असता मृत्यू घटतात आणि काय केल्याने केवळ काही तरी केल्याचे समाधान मिळते, याचा हा आढावा.

आकडे काय सांगतात?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांना प्राण गमवावे लागले. म्हणजे दर तासाला १९ मृत्यू. त्यापैकी १५ हजार २२४ मृत्यू एकट्या महाराष्ट्रातील होते. राज्यात दररोज सरासरी ४२ घरांवर हा आघात झाला. २०२३ मध्ये देशातील मृतांची संख्या १ लाख ७२ हजारांच्या पुढे गेली. मृतांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीस्वार असतात. देशातील एकूण रस्त्यांच्या लांबीत राष्ट्रीय महामार्गांचा वाटा जेमतेम दोन टक्के आहे. मृत्यूंतील वाटा मात्र ३६ टक्के आहे. श्रीनगर-कन्याकुमारी आणि हजिरा-पारादीप हे दोन्ही राष्ट्रीय महामार्ग ज्या शहराजवळ एकमेकांना छेदतात, त्या नागपूरला या आकड्याचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

हे आकडे वाचताना दोन पथ्ये पाळली पाहिजेत. पहिले असे की, मृत्यू घटले म्हणजे रस्ते सुरक्षित झाले, असे दर वेळी होत नाही. २०१९ मध्ये देशात १ लाख ५१ हजार मृत्यू झाले होते. २०२० मध्ये ते १ लाख ३१ हजार ७१४ वर आले. हे यश कोणत्याही उपाययोजनेचे नव्हते. करोनाच्या टाळेबंदीमुळे वाहनेच रस्त्यावर नव्हती. २०२१ मध्ये वाहने परतली आणि मृतांचा आकडा १ लाख ५३ हजार ९७२ झाला. दुसरे पथ्य कारणांविषयी आहे. २०२२ मधील ७१ टक्के मृत्यू अतिवेगामुळे झाले, असे अहवाल सांगतो. ही नोंद मुख्यत: पोलिसांच्या प्राथमिक तपासावर आधारलेली असते. वेग प्रत्यक्ष मोजलेला नसतानाही ‘भरधाव वेगाने’ हे शब्द कागदावर येतात. वळणाची चुकीची आखणी किंवा अंधारात उभा असलेला ट्रक या गोष्टी मात्र त्या रकान्यात बसत नाहीत.

स्वीडनचा धडा

स्वीडनच्या संसदेने ऑक्टोबर १९९७ मध्ये ‘व्हिजन झीरो’ हे धोरण स्वीकारले. त्यामागील विचार सरळ आहे. माणूस चुकणारच, त्याची चूक त्याच्या जिवावर बेतणार नाही अशा रीतीने रस्ता, वाहन आणि वेगमर्यादा यांची रचना झाली पाहिजे. विजेच्या जोडणीत फ्यूज बसविताना घरातील माणसांनी कधी चुकूच नये अशी अट आपण घालत नाही. रस्त्याबाबत मात्र घालतो. स्वीडनने समोरासमोरच्या धडका होणाऱ्या रस्त्यांवर तीन मार्गिका आखून मधोमध तारदोरांचे दुभाजक बसविले. वाहन भरकटले तरी समोरच्या वाहनावर न आदळता ते तारांत अडकते. अपघात होतो, माणूस वाचतो. १९९७ मध्ये त्या देशात ५४१ जण रस्त्यावर मरण पावले होते. २०२३ मध्ये ही संख्या २२९ होती. लोकसंख्येच्या प्रमाणात पाहता तेथे लाखामागे साधारण दोन मृत्यू होतात, भारतात बारा.

ही घट एका उपायाची नव्हे, हेही लक्षात घेतले पाहिजे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात १९७० मध्ये १,०६१ मृत्यू झाले होते. त्याच वर्षी आसनपट्टा सक्तीचा झाला, १९७६ पासून रस्त्यात कोठेही थांबवून मद्यतपासणी सुरू झाली, पुढे वेग टिपणारे कॅमेरे आले. पुढील दशकांत वाहने कित्येक पटींनी वाढूनही मृतांची संख्या तीनशेच्या आसपास उतरली.

वेग : सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अप्रिय उपाय

वाहनाचा वेग दुप्पट झाला की त्याची गतिज ऊर्जा चौपट होते. धडकेत ही ऊर्जा जिरवावी लागते ती पत्र्याला आणि शरीराला. सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तर प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पादचाऱ्याच्या बाबतीत ५० ऐवजी ६५ किलोमीटर वेगाने मोटार धडकली तर मृत्यूचा धोका साडेचार पट होतो.

समृद्धी महामार्गावर मोटारींसाठी ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. या वेगात वाहन सेकंदाला ३३ मीटर अंतर कापते. समोर अडथळा दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद गेला असे धरले, तर कोरड्या रस्त्यावर आणि चांगल्या टायरांवर गाडी थांबण्यास साधारण ११० मीटर लागतात. ८० च्या वेगात हेच अंतर ५७ मीटर आहे. याचा दुसरा अर्थ अधिक बोलका आहे. ज्या ठिकाणी ८० च्या वेगाची गाडी पूर्ण थांबलेली असेल, नेमक्या त्याच ठिकाणी १२० ची गाडी अद्याप शंभरच्या वेगाने धावत असते.

वेगावर नियंत्रण कशाने येते, याचे उत्तर फ्रान्सने दिले. तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जॅक शिराक यांनी जुलै २००२ मध्ये रस्ता सुरक्षेला राष्ट्रीय अग्रक्रम दिला आणि २००३ च्या ऑक्टोबरअखेरीस स्वयंचलित कॅमेरे बसू लागले. २००१ मध्ये आठ हजारांच्या घरात असलेले मृत्यू २०१० पर्यंत चार हजारांच्या खाली आले. कॅमेऱ्याचे सामर्थ्य दंडाच्या रकमेत नाही. पकडले जाण्याच्या खात्रीत आहे. हजारातून एकदा होणारा मोठा दंड माणूस दुर्दैव म्हणून सोसतो, दर वेळी होणारा लहान दंड मात्र सवय बदलतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ मध्ये कॅमेऱ्यांवर आधारित वाहतूक व्यवस्थापन प्रणाली सुरू झाली ती याच तत्त्वावर.

हेल्मेट, दुपट्टा आणि ४५ अंश

हेल्मेटविषयी आता वैद्यकीय वाद उरलेला नाही. अनेक अभ्यासांच्या एकत्रित पडताळणीत हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होत असल्याचे दिसून आले आहे. २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेल्या ५० हजार २९ दुचाकीस्वारांचा मृत्यू झाला. त्यांपैकी १४ हजार ३३७ जण मागे बसलेले होते. बहुतेक घरांत हेल्मेट एकच असते आणि ते चालविणाऱ्याच्या डोक्यावर असते, हे वास्तव या आकड्यात उमटले आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार चार वर्षांवरील प्रत्येक दुचाकीस्वारास हेल्मेट बंधनकारक आहे. राज्यात नोव्हेंबर २०२४ मध्ये वाहतूक पोलिसांनी मागे बसणाऱ्याच्या हेल्मेटबाबत स्वतंत्र कारवाईचे आदेश दिले, तेव्हा अनेकांना हा नवा नियम वाटला. तो नवा नव्हता.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. डोक्याला दुपट्टा गुंडाळून निघणाऱ्या शहरात हेल्मेटचा कंटाळा समजण्यासारखा आहे. तथापि दुपट्टा उन्हापासून वाचवितो, डांबरापासून नाही. उष्ण व दमट हवामानाच्या व्हिएतनामने १५ डिसेंबर २००७ पासून सर्व रस्त्यांवर हेल्मेटसक्ती लागू केली. तेथेही उकाड्याचीच सबब होती. पहिल्या दिवसापासून अंमलबजावणी झाल्याने हेल्मेटचा वापर ९० टक्क्यांवर गेला आणि रुग्णालयांत दाखल होणाऱ्या जखमींमध्ये डोक्याला इजा होण्याचा धोका १६ टक्क्यांनी, तर मृत्यूचा धोका १८ टक्क्यांनी घटला. ही सक्ती टिकली, कारण ती सर्वांवर आणि सर्वत्र होती. आपल्याकडील ‘मोहिमा’ पंधरवडाभर चालतात. चौकातील शिपाई हटला की हेल्मेट आरशावर जाते.

आसनपट्ट्याचेही तसेच. पुढील आसनावरील व्यक्तीच्या मृत्यूचा धोका त्याने ४५ ते ५० टक्क्यांनी कमी होतो. मागील आसनावर पट्टा न लावलेला प्रवासी धडकेत पुढच्या आसनावर फेकला जातो आणि पट्टा लावलेल्या माणसाचाही जीव धोक्यात घालतो.

रस्ता स्वत: गुन्हेगार असतो तेव्हा

महाराष्ट्रातील सर्वांत उद्बोधक उदाहरण मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचे आहे. साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा हा मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला, तेव्हा तो देशाच्या अभिमानाचा विषय होता. पुढे तो अपघातांसाठी ओळखला जाऊ लागला. २०१६ मध्ये तेथे १५१ मृत्यू झाले. त्याच वर्षी राज्य रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन यांनी मिळून ‘झीरो फॅटॅलिटी कॉरिडॉर’ हा उपक्रम हाती घेतला. प्रत्येक गंभीर अपघाताची घटनास्थळी जाऊन शास्त्रीय चिकित्सा करण्यात आली. वाहन कशावर आदळले, शरीराला इजा कशाने झाली, मदत किती वेळात पोहोचली, हे प्रश्न विचारले गेले. उत्तरे अनेकदा क्षुल्लक वाटावीत अशी होती. उघडा सिमेंटचा खांब, मध्येच संपणारा संरक्षक कठडा, कडेला उभा ट्रक. कठडे जोडले गेले, धोकादायक टोके झाकली गेली, दुभाजकावर तारदोर बसले, बंद पडलेली वाहने त्वरेने हटविण्यावर भर दिला गेला. पुढील काही वर्षांत मृत्यू निम्म्याहूनही खाली आले. घाट तोच होता, चालकही तेच होते.

‘ब्लॅक स्पॉट’ अर्थात अपघातप्रवण स्थळांची दुरुस्ती हा याच विचाराचा भाग आहे. राष्ट्रीय महामार्गावर सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर इजा झालेले पाच अपघात किंवा दहा मृत्यू झाले, की ते स्थळ या यादीत येते. या पद्धतीचा दोष उघड आहे. यादीत नाव येण्यासाठी आधी माणसे मरावी लागतात. शिवाय एखाद्या वर्षी योगायोगाने अपघात फार झालेल्या ठिकाणी पुढील वर्षी ते आपोआपही घटतात. तेथे केवळ फलक लावला तरी फलकाचा गुण आला असे वाटू शकते. म्हणून एका वर्षाच्या घटीवर यशाचा दावा करणे घाईचे ठरते.

नागपुरात सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झालेला ‘आय-रास्ते’ प्रकल्प या दोषावर उत्तर शोधू पाहणारा होता. इंटेल, हैदराबादची आयआयआयटी, केंद्रीय रस्ते संशोधन संस्था, महिंद्र आणि नागपूर महापालिका यांचा त्यात सहभाग होता. महापालिकेच्या ‘आपली बस’ ताफ्यातील बसगाड्यांवर कॅमेऱ्यावर आधारित सूचना यंत्रणा बसविण्यात आली. समोरचे वाहन वा पादचारी धोकादायक अंतरावर आला की ती चालकाला इशारा देते. त्याहून महत्त्वाचे असे की, इशारे कोठे वारंवार मिळतात याची नोंद होते. अशी ठिकाणे, म्हणजे ‘ग्रे स्पॉट’, ही उद्याची अपघातस्थळे होत. माणूस दगावण्यापूर्वीच चौक दुरुस्त करण्याची संधी त्यातून मिळते. अर्थात यंत्राने दाखविलेला चौक दुरुस्त करण्याचे काम यंत्र करीत नाही. ते महापालिकेलाच करावे लागते.

समृद्धी : सरळ रस्त्याची गुंगी

नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस उपलब्ध झाला. पहिल्या वर्षातील अपघातांनंतर नागपूरच्या व्हीएनआयटीतील अभ्यासकांनी ‘महामार्ग संमोहना’कडे लक्ष वेधले. सरळ, निर्मनुष्य आणि एकसुरी रस्त्यावर दीर्घकाळ वाहन चालविताना मेंदू जागा असूनही सावध राहत नाही. डोळे उघडे असतात, प्रतिसाद मंदावतो. सुरुवातीच्या काळात या मार्गावर उपाहारगृहे, स्वच्छतागृहे व विश्रांतीच्या जागा पुरेशा नव्हत्या आणि हा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेही गेला.

चहाची टपरी ही सुरक्षेची साधनसामग्री असते, असे कोणी म्हटले तर हसू येईल. परंतु चालकाला उतरून पाय मोकळे करावेसे वाटेल अशी जागा ठरावीक अंतरावर असणे, रस्त्याच्या कडेला चाकाखाली खडखड करणाऱ्या पट्ट्या असणे, मध्यरात्रीच्या बसवर दोन चालक असणे, हे झोपेवरचे खरे उपाय आहेत. प्रवेशद्वारावर झिजलेल्या टायरांची वाहने रोखण्याची परिवहन विभागाची तपासणीही त्याच मालिकेतील. ‘झोप आल्यास वाहन चालवू नका’ असा फलक मात्र झोप आलेल्या माणसाने वाचावा अशी अपेक्षा करतो.

पहिला तास

गंभीर जखमींच्या बाबतीत पहिल्या तासातील उपचार अनेकदा जीवन-मृत्यूचा निर्णय करतात. जानेवारी २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. तरीही अपघातस्थळी प्रथम पोहोचतो तो वाटसरू आणि त्याचे पाऊल अडते ते पोलिसांच्या चौकशीच्या भीतीने. ही भीती आता निराधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये मदत करणाऱ्या नागरिकांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. मदत करणाऱ्याला नाव सांगण्याची वा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. मे २०२५ मध्ये केंद्राने अपघातग्रस्तांसाठी सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या रोकडरहित उपचारांची योजना अधिसूचित केली. कायदा व योजना कागदावर आहेत. त्या चौकातील पानठेलेवाल्याला आणि रुग्णालयाच्या खिडकीवरील कर्मचाऱ्याला ठाऊक झाल्या तरच त्यांचा उपयोग.

कशाने फारसे घटत नाहीत?

सर्वांत अधिक केले जाणारे उपाय नेमके सर्वांत कमी परिणामकारक आहेत, हे कटू असले तरी खरे आहे. शाळकरी मुलांना वाहन चालविण्याचे प्रशिक्षण दिल्याने अपघात घटतात, याचा पुरावा पद्धतशीर आढाव्यांत मिळालेला नाही. उलट अशी मुले लवकर परवाना घेऊन लवकर रस्त्यावर येतात. परवानाधारकांच्या उजळणी वर्गांबाबतही निष्कर्ष निराशाजनक आहे. सुरक्षा सप्ताह, शपथा, चित्रकला स्पर्धा यांना विरोध असण्याचे कारण नाही. कायद्याची अंमलबजावणी होत असेल तर प्रबोधन तिला बळ देते. अंमलबजावणी नसेल तर प्रबोधन तिची जागा घेऊ शकत नाही.

नुसता रस्ता रुंद व गुळगुळीत करणे हादेखील सुरक्षेचा उपाय नव्हे. नागपूरच्या सिमेंट रस्त्यांवर वेग वाढतो. पदपथ मोकळे नसतील आणि ओलांडण्याची सोय नसेल, तर वाढलेल्या त्या वेगाची किंमत पायी चालणारा चुकवितो. वस्तीतून जाणाऱ्या रस्त्यावर चौकाची तोंडे अरुंद करणे, उंचावलेले पादचारी मार्ग बांधणे, मध्ये थांबण्यास बेट देणे हे कमी खर्चाचे आणि सिद्ध झालेले उपाय आहेत.

उत्तरदायित्व कोणाचे?

केंद्रीय रस्ते वाहतूकमंत्री नितीन गडकरी हे नागपूरचेच खासदार. २०२४ पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट साधता आले नाही, उलट आकडा वाढला, अशी कबुली त्यांनी डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत दिली होती. सदोष रस्त्याबद्दल कंत्राटदार व अभियंत्यास दंड करण्याची तरतूद कलम १९८-अ मध्ये आहे. अपघातानंतर चालकावर गुन्हा दाखल होणे ही नित्याची बाब आहे. या कलमाचा वापर मात्र क्वचितच ऐकिवात येतो.

मृत्यू घटविण्याचे शास्त्र आता अज्ञात राहिलेले नाही. वेगावर अखंड नियंत्रण, डोक्यावर हेल्मेट आणि छातीवर पट्टा, चूक पोटात घालणारा रस्ता, बाहेर पडता येईल अशी बस, तासाभरात मिळणारा उपचार, आणि प्रत्येक मृत्यूनंतर ‘चूक कोणाची’ यासोबतच ‘हा माणूस वाचला का नाही’ असा प्रश्न विचारणारी यंत्रणा. यांतील एकही गोष्ट नवी नाही. मुंबई-पुणे मार्गावर ती याच राज्याने, याच अधिकाऱ्यांच्या हातून करून दाखविली आहे. सिंदखेडराजाच्या त्या पहाटेनंतर समृद्धीवर आणि नागपूरच्या चौकाचौकांत तीच शिस्त कायमची उतरते की नाही, यावर पुढील वर्षांच्या अहवालातील आकडा ठरणार आहे.